उसनं नाक

मावशीने मला तिचं नाक उसनं दिलं होतं. एक अख्खा हिवाळा. हे आधीच लिहून ठेवते, कारण माझी सवय मला माहीत आहे. घाबरल्याची गोष्ट मी तासभर सांगते आणि ज्याने हात दिला तो बिचारा शेवटी घाईत येतो. मावशी म्हणजे मेहकर तालुक्यातल्या ज्या वावरात, शेतात, मी तो हिवाळा काढला, त्याच्या धुऱ्यापलीकडची, बांधापलीकडची बाई. पन्नाशी ओलांडलेली, हातात कायम काहीतरी, विळा नाहीतर बादली. माझ्या नात्यातली नाही की गावची नाही. माझं गाव समुद्रावरचं, गुहागरच्या बाजूचं. तिने समुद्र बघितलेला नाही आणि मी तिथे जाईपर्यंत कापसाचं झाड बघितलं नव्हतं.

आता नाक उसनं घेण्याची वेळ का आली ते सांगते.

करोनात माझा वास गेला. चव परत आली, केस गळायचे थांबले, वास मात्र गेला तो गेलाच. लसणाची फोडणी जळली तर मला धूर दिसल्यावर कळतं. दूध नासलं की नाही ते चमच्याने हलवून बघावं लागतं. माझी शाळा सातवीत सुटली. हाताला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून पुण्यात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला लागले आणि त्यात मन रमलं. पण ज्याच्या-त्याच्या घरी पहिल्या दिवशीच मी नाकाचं सांगून टाकते. पुढे कोणी बोल लावू नये.

मी सांभाळत होते ते बाबा ऐंशीच्या घरातले. बुलढाण्याच्या कोर्टात जन्मभर नोकरी केलेली, नंतर मुलाकडे पुण्याला. गुडघे गेलेले, वॉकर धरून चालायचे. पुण्यात आठव्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून ते एकच गोष्ट बोलायचे, "एक डाव आपल्या वावरात बसून हुळा खाऊ दे मले. मंग कुठी बी ठेवा." हुळा म्हणजे हरभऱ्याचे हिरवे घाटे झाडासकट भाजून खायचे, ते मला तेव्हाच कळलं. त्यांचं वावर मावशीच्या घराला बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने कसायला, दिलेलं होतं. गावातलं घर भावकीत कधीच वाटून गेलेलं आणि वावरात साधी खोलीसुद्धा नाही. मग त्यांच्या मुलाने, मी त्यांना दादा म्हणते, एक जुना ट्रेलर विकत घेतला. गाडीमागे जोडून न्यायचं चाकांचं घर. दोन पलंग, ओटा, शेगडी, टीचभर संडास. आधी तो कोकणात कुठल्याशा किनाऱ्यावर पर्यटकांसाठी उभा असायचा. खिडकीच्या खाचेत बोट फिरवलं तर वाळू लागायची. मी ती वाळू पुसली नाही. म्हटलं, राहू दे, आपल्याकडचंच कोणीतरी सोबतीला.

गावातले लोक त्याला डबा म्हणायचे. "डब्यातले बाबा हायेत काय घरी?" असं विचारत यायचे.

दादा परत जाताना ओट्याखाली वाकले आणि मला एक पांढरी डबी दाखवली. गॅस डिटेक्टर. हिरवा दिवा म्हणजे ठीक, लाल दिवा आणि भोंगा म्हणजे गॅस. घरगुती गॅस हवेपेक्षा जड, तो खाली बसतो, म्हणून डबी जमिनीपासून वीतभर उंचीवर. तिच्याच शेजारी भिंतीला खालच्या अंगाला एक जाळी होती, साठलेला गॅस बाहेर पडायला.

"ताई, तुम्हाला वास येत नाही ना, तर हेच तुमचं नाक समजा," दादा म्हणाले. "हे वाजलं की आधी बाबांना बाहेर काढायचं, मग सिलिंडर बंद, मग मला फोन. आणि हे वाजत राहिलं तर बाबांना तिथे ठेवता येणार नाही. तेवढं एक मी ऐकणार नाही कोणाचं."

दोन-तीन आठवडे हिरवा दिवा शहाण्यासारखा होता. मी सकाळ-संध्याकाळ चहा टाकायची, बाबांचे पाय तेलाने चोळायची, त्यांना खाटेवर उन्हात बसवायची. समोर हरभरा हळूहळू जमीन झाकत होता.

आणि एका संध्याकाळी मी चहाचं पातेलं ठेवलं आणि भोंगा वाजला.

तो आवाज कसा सांगू? डोक्यात खिळा ठोकल्यासारखा. मी शेगडी बंद केली, बाबांच्या काखेत हात घातला आणि त्यांना अर्धं उचलूनच दाराशी आणलं. ट्रेलरच्या पायऱ्या अरुंद. एका हाताने वॉकर, एका हाताने बाबा. ते म्हणत होते, "हळू बाई, गॅसनं नाही मरत मी, तू पाडून मारशीन." आम्ही खाली पोहोचतोय तोवर मावशी समोर उभी. पदर खोचलेला, दम लागलेला.

"काय झालं वं? काऊन बोंबलून राह्यलं हे?"

"गॅस सुटलाय का बघा हो मावशी. मला वास येत नाही."

"येत नाही म्हंजे? सर्दी झाली काय?"

"करोनात गेला तो गेला."

"मायबाई!" असं म्हणून ती तशीच आत शिरली. आपण ज्यातून जीव घेऊन पळालो त्यात ही बाई कोणाची कोण, पुढे होऊन शिरते. तिने ओट्यापाशी वास घेतला, शेगडीपाशी घेतला, वाकून जमिनीपाशी घेतला, मग बाहेर येऊन सिलिंडरच्या पेटीत डोकं घातलं. "काहीच वास नाही. सडक्या कांद्यावानी वास असते गॅसचा, मले काय मालूम नाही? माह्याही घरी शेगडी हाय."

थोड्या वेळाने भोंगा आपोआप थांबला. मी बाबांना खाटेवर बसवून स्वतः टेकले. मावशी माझ्या शेजारी येऊन बसली.

"असं कर," ती म्हणाली, "हे वाजलं का मले हाक मार. माह्यं नाक तुह्यंच समज. आम्ही बाया साखर नाही का देत-घेत, पीठ नाही का देत-घेत? तसं उसनं घेऊन जाय."

"आन परत कधी करनार ते?" बाबांनी विचारलं.

"तिचं परत आलं का मंग देईन मले."

बाबा हसले. त्यांचं स्वतःचं नाक तपकिरीने कधीच निकामी झालं होतं. "माह्यं नाक तं माह्या आधी रिटायर झालं," असं ते सगळ्यांना सांगायचे. म्हणजे त्या डब्यात आम्ही दोघं, आणि वास घेणारं कोणीच नाही.

त्या दिवसापासून भोंगा कधी सकाळी वाजे, कधी संध्याकाळी. रोज नाही. चार दिवस गप्प, मग तीन दिवस सकाळ-संध्याकाळ, मग पुन्हा गप्प. वाजला की मी बाबांना बाहेर काढायची आणि हाक मारायच्या आत मावशी आलेली असायची. हे कसं होतं, हा प्रश्न मला तेव्हा एकदाही पडला नाही. देवासारखी येते, एवढंच मी म्हणायची. आत जायची, नाक फुगवून वास घ्यायची आणि पायरीवर येऊन निकाल द्यायची, "काहीच नाही वं. ठेव चहा." मग आम्ही तिघं चहा प्यायचो.

पण दादांना कळवायला तर हवंच. त्यांनी फोनवर एकेक करून घेतलं माझ्याकडून. साबणाचा फेस करून नळीच्या प्रत्येक जोडावर लावला. गॅस सुटत असेल तर फुगा येतो म्हणाले. फुगा आला नाही. रेग्युलेटरचा वायसर बदलला. ट्रेलरच्या बॅटरीचा करंट कमी झाला तरी डिटेक्टर खोटा ओरडतो असं ते म्हणाले, म्हणून मेहकरहून एक मेकॅनिक बोलावला. तो आला भर दुपारी, सगळं तपासलं, बॅटरी ठणठणीत, नळीसुद्धा नवी घातली. मग डबीकडे बघून म्हणाला, "ताई, हे मशीन लय शहाणं झालं. वायर कापून देऊ काय? खटका मिटते."

"काप बे, काप," बाबा आतून म्हणाले. "आन उद्या खराच गॅस सुटला तं तू येशीन काय भोंगा वाजवाले?"

मेकॅनिकने पक्कड पिशवीत ठेवली.

मग दादांनी सांगितलं की या डबीला गॅसखेरीज दुसऱ्या गोष्टीही चालत नाहीत. तीव्र वासाचे फवारे, दारू, रंग, फिनेल. घरातली एकेक वस्तू बाहेर काढा आणि बघा, वाजायचं कशाने थांबतं. मी फिनेल बाहेर ठेवलं. डासांचं औषध बाहेर ठेवलं. बाबांचं गुडघ्याचं तेल, माझी पावडर, सगळं एका टोपलीत घालून टोपली डब्याच्या पुढच्या चाकापाशी. तरीही एकदा वाजलं. राहिली होती बाबांची उदबत्ती. रोज पहाटे अंघोळ झाली की ते बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती आणि उदबत्ती लावून वंदना म्हणायचे. ती बंद करा म्हणायला माझी जीभ रेटेना. दोन दिवस मी नुसती त्यांच्यापुढे घुटमळले. त्यांनीच ओळखलं.

"उदबत्तीचं म्हनून राह्यली काय? ने बाहेर. मूर्तीले नाही लागत उदबत्ती, मले लागते. राहीन मी." मग टोपलीकडे बघून म्हणाले, "आता मलेच ठेवून दे बाहेर. मी रोज ईसबगोल घेतो. गॅस माह्याकडूनही सुटते."

मावशी पायरीवर बसून इतकी हसली की तिच्या बशीतला चहा सांडला.

उदबत्ती बाहेर गेली आणि चार दिवस भोंगा गप्प राहिला. मी दादांना आनंदाने कळवलं. पाचव्या दिवशी सकाळी, टोपली बाहेर, उदबत्ती बाहेर, सगळं बाहेर, आणि तो पुन्हा ओरडला. दादांनी नवीन डिटेक्टर पाठवला. मेहकरहून तोच मेकॅनिक येऊन बसवून गेला. मला वाटलं, सुटलो. आठवडाही गेला नाही, नवासुद्धा वाजला.

त्या संध्याकाळी दादांचा आवाज बदललेला होता. "जुना बिघडलेला असू शकतो ताई. दोन्ही बिघडलेले नसणार. म्हणजे कुठेतरी गॅस आहे, आपल्याला सापडत नाही एवढंच. सिलिंडर आत्ताच काढून लांब ठेवा. मी रविवारी गाडी घेऊन येतो, बाबांना परत आणू."

फोन स्पीकरवर होता. बाबांनी सगळं ऐकलं. ते भांडतील असं मला वाटलं होतं, ते भांडले नाहीत. खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "घाटे भरले नाहीत अजून." बस, एवढंच. मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. ते पाय त्या रात्री मला फार हलके लागले.

मावशीच्या मुलाने सिलिंडर सोडवून त्यांच्या झोपडीत नेऊन ठेवला. मी तीन दगडांची चूल मांडली.

मावशीलाही दुसऱ्या दिवशी धामणगाव बढेला जायचं होतं, लेकीच्या घरी नातवाचं बारसं. जाताना चेहरा पडलेला. "म्या यायच्या आत बुढ्याले नेऊ नका म्हना रविवारी," असं दोनदा सांगितलं. मग जरा चाचरत म्हणाली, "एक काम करशीन काय वं? पोरगा पाण्याच्या पाळीवर हाय, त्याले ध्यान नाही राहत. माह्या ड्रमाले दोन टाईम हालवजो."

तो ड्रम मला माहीत होता. मीच तर जागा दिली होती. मावशी हरभऱ्याला खत म्हणून जीवामृत करायची. मोठ्या निळ्या ड्रमात पाणी, शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती. ते चार-पाच दिवस आंबू द्यायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं, आणि मुख्य म्हणजे सावलीत ठेवायचं. वावरात झाड एकच, पार वरच्या टोकाला कडुनिंब. आम्ही येऊन पंधरवडा झाला तेव्हा ती म्हणाली होती, "तुह्या डब्याची मांगच्या अंगानं दिवसभर सावली राहते. तठी ठेवू काय ड्रम?" मी म्हटलं होतं, ठेवा की, विचारता काय. मला बरं वाटलं होतं. नव्या जागी आपल्याकडे देण्यासारखं काहीतरी आहे, निदान सावली तरी.

"कसं हालवायचं?" मी विचारलं.

"उजव्या हातानं. घड्याळ फिरते तसं. उलटं नको फिरवू, माह्या सासूनं सांगेल हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना पुढच्या बाजूला खाटेवर उन्हात बसवलं, पांघरूण दिलं आणि मी मागे गेले. ड्रमावरचं पोतं काढलं. वर तपकिरी साय आलेली, त्यात बुडबुडे येत होते आणि फुटत होते. मी काठी घातली आणि घड्याळ फिरतं तशी फिरवायला लागले. खालून फेस वर उसळला. भाताच्या पेजेला उकळी येते तसा. मला बघायला गंमत वाटत होती.

आणि भोंगा वाजला.

मी काठी टाकून पळाले. पळत पुढे आले तर बाबा खाटेवरच होते, बाहेरच होते. काढायचं कोणाला? सिलिंडर बंद करायला वळले तर पेटी रिकामी. मी वावरात नुसती उभी राहिले. वाचवायला कोणी नाही, बंद करायला काही नाही, आणि आत तो जीव खाऊन ओरडतोय.

"आता काऊन वाजून राह्यला तो?" बाबांनी विचारलं. "आत काय हाय त्याले वाजाले?"

आत काहीच नव्हतं. हेच मग माझ्या डोक्यात हळूहळू उतरलं. आत काही नाही. मग मी आत्ता काय केलं?

भोंगा थांबेपर्यंत थांबले. मग मागे गेले. काठी उचलली आणि सावकाश फिरवली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी समोर बघितलं. ड्रमाच्या काठाच्या हातभर पलीकडे, डब्याच्या भिंतीत, ती जाळी. गॅस बाहेर जायची जाळी. बाहेर जायची वाट म्हणजे आत यायचीही वाट, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या तर नाहीच. मी टॉवेल ओला करून जाळीत कोंबला आणि पुन्हा ढवळलं, भरपूर ढवळलं, हात दुखेपर्यंत. आत चूप.

मी तिथेच मातीत बसले. चार दिवस गप्प आणि मग सुरू, ते का, तेही कळलं. ताज्या ड्रमाला फेस नसतो, त्यातून गॅसही सुटत नाही. तो आंबायला चढला की वाजायचं, संपून नवा भरला की गप्प. आणि सकाळ-संध्याकाळच का, तर तीच ढवळायची वेळ आणि तीच माझ्या चहाची. मी बिचाऱ्या शेगडीला धरून बसले होते. आणि मावशी हाकेच्या आधी पोहोचायची, कारण ती डब्याच्या मागेच उभी असायची. हातात काठी घेऊन.

आनंद झाला तो इतका, की मी बाबांजवळ जाऊन त्यांचे दोन्ही हात धरले. त्यांना सगळं समजायला थोडा वेळ लागला. मग ते म्हणाले, "म्हंजे ज्या हरभऱ्यासाठी मी थांबलो, त्याच्या खतानंच मले हाकलून राह्यलं होतं?" आणि खोकला येईपर्यंत हसले.

पण दुपारनंतर माझा आनंद ओसरला. मावशीला कसं सांगायचं? परक्या मुलखात जिने सगळ्यात आधी हात दिला तिलाच सांगायचं, की हे सगळं तुमच्याच ड्रमाचं होतं. ती म्हणेल, बघा, उपकाराची फेड. मी विचार केला, न सांगता टॉवेल तसाच जाळीत ठेवावा. पण मग सिलिंडर परत जोडल्यावर खरा गॅस सुटला तर बाहेर जाणार कुठून? त्या रात्री मला झोप नव्हती. मनातल्या मनात मी मावशीशी दहा प्रकारे बोलून बघितलं आणि दहाही वेळा ती रागावली.

ती शनिवारी दुपारच्या एसटीने आली. येताच पिशवीतून बारशाच्या घुगऱ्या काढून माझ्या ओंजळीत घातल्या, मग बाबांच्या. मी तोंड उघडलं आणि सगळं एका दमात बाहेर पडलं. ड्रम, फेस, जाळी, टॉवेल.

मावशी उठून डब्याच्या मागे गेली. मी तिच्या मागोमाग. तिने जाळीतला टॉवेल काढला, पोतं बाजूला केलं आणि काठी फिरवली. भोंगा वाजला. ती ऐकत उभी राहिली.

"म्हंजे म्याच बुढ्याले हाकलून राह्यली होती," ती हळूच म्हणाली.

"असं नाही हो मावशी—"

"अन् म्याच येऊन सांगत होती, काहीच वास नाही वं, ठेव चहा!" आता तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. हसण्याचं पाणी होतं की दुसरं, मी विचारलं नाही. मीही तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. एवढे दिवस आवरलेलं रडू होतं, ते तिथे गेलं.

रविवारी दादा आले, गाडीची मागची सीट रिकामी करूनच. मी फोनवर सांगितलेलं त्यांना पटलं नव्हतं. मावशी म्हणाली, "पाहून घ्या." बादलीभर जीवामृत घेऊन जाळीपाशी ठेवलं आणि काठी घातली. दादांनी तिथल्या तिथे रुमाल नाकाला लावला. आत भोंगा सुरू झाला.

"मावशी," दादा रुमालातून म्हणाले, "अहो, हा एवढा वास तुम्हाला येत नव्हता?"

मावशी खरोखरच गोंधळली. बादलीकडे बघितलं, दादांकडे बघितलं. "हा? हा वास कुठी हाय? हे तं काम हाय."

बाबांनी खाटेवरून टाळी वाजवली. "लिहून घे," ते लेकाला म्हणाले.

दादांनी सिलिंडर परत जोडला. साबणाचा फेस स्वतः लावून बघितला, डबीचं बटण दाबून ती जिवंत असल्याची खात्री करून घेतली. मग बाबांच्या शेजारी खाटेवर बसले. गाडीची मागची सीट रिकामीच परत गेली.

हे सगळं झालं, पण ड्रम तिथे राहू शकत नव्हता. मी काही बोलायच्या आत सोमवारी सकाळी मावशीने आणि तिच्या मुलाने तो रिकामा करून घरंगळत वरच्या टोकाला कडुनिंबाखाली नेला. पाणी मात्र खाली, विहिरीवर. आता प्रत्येक ड्रमासाठी तिला पाण्याच्या बादल्या, शेणाच्या पाट्या चढावर न्याव्या लागायच्या. मला खिडकीतून दिसायचं. मी धावत जाऊन एक बादली धरायची, ती म्हणायची, "जाय वं, बुढ्याकडं पाहाय. तुह्यं काम तठी हाय." एकदाही तिने ते बोलून दाखवलं नाही.

आणि सकाळ-संध्याकाळ ढवळून झालं की ती तेवढं सगळं वावर उतरून आमच्याकडे यायचीच. भोंगा आता वाजत नव्हता. तरी आत डोकावायची, नाक फुगवायची. "आली वास घ्याले. काहीच नाही. ठेव चहा."

घाटे भरले. बाबांनी आपल्या हाताने हरभऱ्याची झाडं उपटली, म्हणजे मी त्यांना धरलं आणि त्यांनी उपटली. मावशीच्या मुलाने काटक्यांवर जाळ केला. हुळा भाजला, हात काळे झाले, ओठ काळे झाले. बाबा एकेक घाटा सोलून खात होते. मीही खाल्ला. चव कळत होती. मावशीने माझ्याकडे बघून विचारलं, "वास येते काय?"

मी नाही म्हणून मान हलवली.

तिने मूठभर घाटे नाकाशी नेले, डोळे मिटले. "पह्यले जळेल काडीचा," ती म्हणाली. "मंग आत गोड. मंग हिरवा, पावसात गवत उपटलं का येते, तसा." मग डोळे उघडून म्हणाली, "आता तू सांग. तुह्या समुद्राचा कसा असते?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला आठवेना. माझं सगळं लहानपण त्यात गेलं. आई सुकटीच्या टोपल्या घेऊन यायची, मी तिच्या कुशीत झोपायची. पण वास कसा होता, ते डोक्यात कुठेच सापडेना. मी खिडकीच्या खाचेतली वाळू आठवली. तीही कधी बोलली नव्हती. मी मावशीला म्हटलं, "नाही सांगता येत हो."

"राहू दे," ती म्हणाली आणि आणखी एक घाटा सोलून माझ्या हातात ठेवला.

आता मी पुन्हा पुण्यात आहे, बाबा गॅलरीत बसलेले आहेत, आणि हे लिहितेय. मावशी, तुमचं नाक अजून माझ्याकडेच आहे. माझं परत येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, म्हणून त्याची वाट बघून फेड होणार नाही. मी असं ठरवलंय. एकदा तुम्हाला माझ्या गावी नेईन. एसटीने नेईन, दोन दिवस लागले तरी चालतील. वाळूत तुम्हाला उभं करीन, बोंबील सुकत घालायच्या बांबूच्या वलांडीपाशी, वाऱ्याच्या तोंडाला. आणि तुम्ही डोळे मिटून मला सांगा, कसा आहे तो. तिथे तुम्हाला सवय नसेल, तिथे तुम्हाला येईलच. बादली मात्र त्या दिवशी मी उचलीन. तुमच्या हातात काही म्हणजे काही देणार नाही.